चौकटीवरून उतरलेली चादर

चौकट जोडायला चार माणसं लागली आणि तिच्यापुढं बसायला एकटीच बाई आली.

मालू तेव्हा शिडीवर होती. खिडकीच्या पडद्याची खालची पट्टी तिनं दुकानातच दुमडून आणली होती, आता फक्त टांगून बघायचं होतं. आखातातल्या या छोट्या बेटावर, अदलिया वस्तीतलं हे जुनं घर आता कलादालन झालं होतं. उम्म अल हस्समला अर्शदभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात मालू गेली एकोणीस वर्षं शिलाई करत होती, आणि दालनाला पडदे लागले की बोलावणं तिलाच यायचं. पडदे टांगावेत, उद्घाटनाआधी मागच्या दारानं निघून जावं. आजवर असंच चाललं होतं.

पण ती चौकट बघितली आणि मालू शिडीवरून उतरायची विसरली.

चौकटीवर एक चादर ताणलेली होती. मधोमध शंकरपाळ्यासारखा निळा चौकोन, भोवती आमसुली पट्टा, कडेला काळी किनार. वर कापड, खाली अस्तर, मधे कापसाचा पातळ थर. खडूनं रेखलेल्या वेली साऱ्या कापडावर पसरलेल्या, आणि त्यातल्या एका कोपऱ्यातच तेवढा फिक्या दोऱ्याचा बारीक टाका पडलेला. तांदळाच्या कण्या ओळीनं मांडाव्यात तसा.

"आत्ता गं बया," मालू मनाशीच म्हणाली, "ही तर वाकळ हाय!"

वाकळच ती. पाटण तालुक्यात, तिच्या माहेरी जिला वाकळ म्हणत, शहरातली माणसं जिला गोधडी म्हणतात, तीच. फक्त अंघोळ करून, भांग पाडून बसलेली.

चौकटीपुढं बसलेल्या बाईचं नाव लिडिया. वय चौऱ्याहत्तर, केस पांढरे, डोक्यावर जाळीची छोटी टोपी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाहून ती आली होती, तिकडच्या आमिश आणि मेनोनाइट लोकांच्या गावांतून. घरात वीज न घेणारे, घोड्याच्या बग्गीतून फिरणारे, साध्या कापडाचे कपडे घालणारे आमिश लोक, आणि त्यांचे जवळचे भाऊबंद मेनोनाइट. लिडिया मेनोनाइट. तिच्याकडं गाडीही होती आणि फोनही, पण आजी आमिश घरातली. ती गावं बघायला तिकडं वर्षभर प्रवासी लोटतात. त्याच गावांचं नऊ दिवसांचं प्रदर्शन इथं मांडलं होतं इरावतीनं. ती पुण्याची, दालनाची सगळी व्यवस्था तिच्याकडं. भिंतीवर छप्पर असलेल्या लाकडी पुलांचे फोटो, एका कोपऱ्यात बग्गीचं खरंखुरं चाक, टेबलावर मुरवलेल्या फळांच्या बरण्या. आणि यजमान देशाचा मान म्हणून समोर ताहेराची बैठक. ती करबाबाद गावची, खजुराच्या पानांच्या टोपल्या विणणारी.

"तुमच्यासोबत आणखी तिघी येणार होत्या ना?" इरावतीनं लिडियाला विचारलं. तिचा आवाज जरा चिरकला होता.

लिडियानं शांतपणे सांगितलं. एकजण जिन्यात घसरून पडली, पाय मोडला. मग बाकीच्या दोघी तिच्या गाईंचं दूध काढायला थांबल्या.

"गाईंचं दूध!" इरावती मराठीत पुटपुटली. "नऊ दिवसांत चादर पूर्ण करून चौकटीवरून उतरवणार, असं छापून बसलेय मी सगळीकडे."

पण खरी अडचण छापलेल्या कागदाची नव्हती. ही चादर लिडियाच्या आईनं जोडली होती. तुकडे जोडून झाले आणि आई गेली. बारा वर्षं चादर पेटीत पडून होती. वसंतात ती गावच्या पाहुणेघरात लागायची होती, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून. लिडियाच्या बोटांच्या सांध्यांना सूज होती. इथं पुरी झाली नाही तर घरी जाऊन एकटीनं होईल अशी आशा तिला स्वतःलाच नव्हती.

हे सगळं मालूला इरावतीकडून कळलं. मालूनं शिडी घडी घातली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "इरावतीताई, म्या बसू का?"

"मालूताई, हे मशीनचं काम नाही हो."

"मशीनवर म्या पोटासाठी बसते. वाकळ शिवाया माझ्या आईनं शिकवलीया."

लिडियानं काही न विचारता शेजारची खुर्ची मागं ओढली.

त्या दिवशी पहिले पाहुणे आले तेव्हा मालू चौकटीपुढं बसली होती. पुढं लाल दोरी, दोरीवर 'कृपया शांतता राखा' असं तीन भाषांत. कुठूनसं प्रार्थनेचं मंद संगीत. एक हात चौकटीखाली, एक वर. सुई वरून खाली खुपसायची, खालच्या बोटानं परत वर ढकलायची. असं तिनं जन्मात केलं नव्हतं. पाय अधांतरी, पाठ ताठ, जीभ टाळूला चिकटलेली. तरी तिनं दुपारपर्यंत एक अख्खी वेल भरली. उठताना तिनं त्या वेलीवरून हात फिरवला. आपल्या मागं इथल्या बायकांचे काळे झगे, म्हणजे हजारो आबाया, गणवेश, पडदे गेले. एकावरही आपला म्हणून टाका नाही. हा राहील. पार अमेरिकेतल्या गावात, भिंतीवर, राहील.

दुसऱ्या सकाळी ती आली तेव्हा वेल मोकळी होती.

नुसता खडू. कापडावर सुईची बारीक भोकं तेवढी उरलेली, आणि चौकटीच्या कडेला उसवलेल्या दोऱ्याचा एक नीट गुंडाळलेला गोळा.

लिडिया मान खाली घालून तीच वेल पुन्हा भरत होती. मालूकडं बघून ती काहीतरी हळू बोलली. इरावतीनं, नजर चुकवत, ते मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, राग मानू नका. त्यांच्याकडे रीतच आहे. सगळ्याजणी घरी गेल्या की यजमानीण टाके तपासते. झोपेत पायाच्या बोटाचं नख अडकेल एवढा लांब टाका असला, की तो उसवते. त्यांच्या सख्ख्या मावशीचेही त्यांनी उसवले आहेत."

मालूनं मान डोलावली. सून म्हणून पहिल्या दिवशी केलेली भाकरी सासूनं गुपचूप म्हशीपुढं टाकावी आणि आपण ती बघावी, तसं तिला झालं. ती मागच्या दारानं निघाली.

टोपलीवरून मान वर करून ताहेरानं तिला हाक मारली, "यल्ला मालू, चल तर, उद्या येशील?"

"उद्या जुम्मा," मालू म्हणाली. "दुकान बंद. मीपण बंद."

शुक्रवारी दुपारी रावजी जेवून, सतरंजीवर आडवा होऊन बायकोकडं बघत होता. रावजी सित्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची कंपनीची बस चालवायचा. सहा दिवस लोकांची ये-जा करायची आणि सातव्या दिवशी घरच्यांना बोलून घ्यायचं, हा त्याचा शिरस्ता. मालू जमिनीवर पसरलेल्या दोन ओढण्यांच्या तुकड्यांवर बसली होती. मधे जुन्या दुलईचा कापूस. तिनं खडूनं वेल काढली होती आणि ती भरत होती. भरत होती आणि उसवत होती.

"आज घरात येवढी शांतता का म्हनायची?" रावजी म्हणाला. "कोन वारलंय का?"

"गप ऱ्हावा."

"आगं, वाकळ शिवतीस का परीक्षेचा पेपर लिवतीस? गावाकडं तू आन तुझी आई वाकळंवर बसला की चार घरं ऐकू जायचं. माझी झोपमोड व्हायची, तवा कुटं मला कळायचं की सासुरवाडीला आलोय."

मालूची सुई थांबली.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग हातातल्या वाकड्यातिकड्या टाक्यांकडं. मग पाय पसरून, कापड मांडीखाली घेऊन, ती नीट बसली. आधी घसा खाकरला. आणि हलक्या आवाजात लावलं:

*पहिला गं टाका माझा, घातिला उगवतीला,*
*सुईच्या नेढ्यातून, ऊन आलं सोबतीला.*

ओवीच्या पहिल्या तुकड्याला सुईवर चार टाके चढले. दुसऱ्या तुकड्याला आणखी चार. यमक आलं तसा दोरा सरळ ओढला गेला. आईनं हे कधी शिकवलं नव्हतं. आई गायची आणि हात मागून जायचा. टाका मोजायची पट्टी हातात नव्हतीच कधी, ती गळ्यात होती. आणि लाल दोरीमागं, शांततेच्या पाटीखाली, मालू ती पट्टी घरी विसरून बसली होती.

"अवं," ती ओरडली, "तुमी कदी न्हाई ते कामाचं बोललासा!"

"एकोणतीस वर्सं बोलतोय," रावजी कुशीवर वळत म्हणाला. "तुला आज ऐकू आलं."

शनिवारी सकाळी, अर्शदभाईंकडून रजा काढून, मालू पुढच्या दारानं दालनात शिरली. हातातला नमुना तिनं लिडियाच्या मांडीवर ठेवला. लिडियानं चष्मा लावला. अंगठ्याचं पेर कापडावर टेकवून टाके मोजले. मग आपल्या वेलीवर तेच पेर टेकवलं. पुन्हा मोजलं.

"माझे नऊ," ती इरावतीला म्हणाली. "हिचे दहा."

मालूनं संधी साधली. "ताई, त्यांना सांगा. चादर चौकटीवरून खाली काढायची. जमिनीवर पसरायची. माझ्या वळखीच्या धा-अकरा बाया हायती. पाटणच्या, चिपळूणच्या, खेडच्या. कुनी सयपाक करती, कुनी पार्लरात, कुनी दुसऱ्यांची पोरं सांभाळती. चार वाजता सुटत्यात. चौकटीला चार खुर्च्या बसत्यात, जमिनीला बारा बाया बसत्यात. आन," ती जरा अडखळली, "आमी गानार."

इरावतीनं कपाळाला हात लावला. "मालूताई, अहो हे प्रदर्शन आहे! आमिश-मेनोनाइट खेड्यातलं शांत, साधं जीवन, असं त्याचं सूत्र आहे. चौकट हीच तर बघायला येतात लोक. आणि ताण सुटला, थर सरकले, चादरीला चुण्या पडल्या, तर? ती त्यांच्या आईची आहे."

"विचारा तर खरं."

इरावतीनं विचारलं. लिडिया बराच वेळ चौकटीच्या गुळगुळीत लाकडावरून हात फिरवत राहिली. मग तिच्या सुरकुत्यांत कुठंतरी हसू उमटलं. ती जे बोलली ते सांगताना इरावतीचा आवाजच बदलला.

"त्या म्हणतात, घरी चादर भरायला बसलो की आम्ही कधीच गप्प नसतो. गावाच्या सगळ्या भानगडी त्या चौकटीवर निघतात, मधे मधे गाणीही होतात. गप्प बसतो ते पाहुण्यांपुढे. पाहुणे दोरीमागे उभे असतात, फोटो काढतात. आम्ही हसलो-बोललो की त्यांना चुकल्यासारखं होतं. म्हणून मग आम्ही… शांत, साधं जीवन जगतो. दहा ते पाच."

मालू इतक्या जोरात हसली की ताहेराच्या हातातलं पान निसटलं.

चुण्यांचं भय मात्र खरं होतं. ते मालूलाही होतं. चौकटीच्या खिळ्या सैल केल्या तशी चादर सैल झाली, मधोमध ओघळली, आणि लिडियानं डोळे मिटून घेतले. ताहेरानं आपली खजुरीची मोठी चटई आणून अंथरली. त्यावर अस्तर, कापूस, वरचं कापड असं हातानं सारखं करत, मधून कडेकडे ढकलत, मालूनं चादर पसरली. मग तिनं लांब लांब कच्चे टाके घालायला घेतले, हात-हात लांबीचे, उभे-आडवे, शेतात बांध घालावेत तसे. तिन्ही थर जागच्या जागी धरायला. एक अख्खा दिवस त्यात गेला. पाहुणे आले, रिकामी चौकट बघून गेले. इरावती दारातून तीनदा डोकावली.

"मालूताई, पाच दिवस उरले. आज एकही टाका पुढे गेला नाही."

"पाया भरतीया, ताई. घर मागनं दिसंल."

रविवारी चारनंतर बायका आल्या. रावजीनं शिफ्ट संपल्यावर मित्राची गाडी मागून दोन खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेला "मी काय नवरदेवाची वऱ्हाडं वाहतोय का?" असं विचारून घेतलं. चिपळूणची रुपाली पार्लरमधून तशीच आली होती, केसांना मेंदीचा वास. तिनं चादरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाय! एवढी देखणी! हिच्यावर बसायचं? मला तर हिच्या पाया पडावंसं वाटतंय."

"बस," मालू म्हणाली. "पाया नंतर पड. आन सुई कपाळाला लाव. कुनाच्या तरी आईचं काम हाय."

बारा बायका कडेनं बसल्या. काठापासून आत, काठापासून आत, वाकळीची रीत तीच. लिडियाचे गुडघे वाकेनात. तिला बुटकं स्टूल दिलं. ती काळ्या किनारीच्या कोपऱ्यावर बसली. मालूनं इरावतीकडं पाहिलं. इरावतीनं एक श्वास घेतला, प्रार्थनेचं संगीत बंद केलं, शांततेची पाटी काढून काखेत मारली आणि लाल दोरी सोडली.

मालूनं लावलं:

*दुसरा गं टाका माझा, लांबच्या त्या पाहुणीचा,*
*समुद्र ओलांडून, आला धागा बहिणीचा.*

पहिल्यांदा बायका लाजल्या. मग रुपालीनं उचललं, मग खेडच्या दोघींनी. यमकाला बारा हात एकदम वर आले आणि बारा दोरे एकदम ताणले गेले. दारात शाळेची एक बस थांबली होती. मुलं आत आली आणि आपोआप खाली बसली. पाहुण्यांना उभं राहायला आता दोरी नव्हती. कुणी चटईच्या कडेला टेकलं, कुणी सुईत दोरा ओवून द्यायला पुढं आलं. सूटबुटातला एक बँकवाला पुणेकर बूट काढून चटईवर टेकला. मग म्हणाला, "हे मी ऐकलंय. लहानपणी. झोपेत."

बायका बसल्याच्या तिसऱ्या दिवशी ताहेरानं टोपली बाजूला ठेवली आणि बायकांच्या ओवीखाली तळहातानं ताल धरला. मालूनं तिला तिथल्या तिथं ओवीत घेतलं:

*तिसरा गं टाका माझा, खजुरीच्या सावलीला,*
*इथल्या मातीनंही, हात दिला माउलीला.*

इरावतीनं अर्थ सांगितला. ताहेरा म्हणाली, "खलास! आता मला टोपलीसाठी एक पाहिजे."

वेली भरत गेल्या. निळ्या चौकोनाभोवती चारी बाजूंनी बायका पुढं सरकत होत्या, रोज वीतभर. गाता गाता नवऱ्यांची उणीदुणी निघाली, मॅडम लोकांच्या नकला झाल्या, लिडियानं आपल्या मावशीची एक अशी गोष्ट सांगितली की भाषांतर करताना इरावती लालेलाल झाली. गर्दी इतकी वाढली की बग्गीचं चाक उचलून अंगणात ठेवावं लागलं. आठव्या दिवशी संध्याकाळी, उन्हं खिडकीच्या खालच्या तावदानावर असताना, मधल्या चौकोनाच्या मधोमध बारा डोकी एकमेकींना टेकली. शेवटचा टाका कुणाचा हे कुणालाच कळलं नाही. सुया एकमेकींना खणखणल्या आणि चादर पुरी झाली.

एक दिवस शिल्लक होता.

पण मालूला धास्ती होती ती नवव्या दिवसाची. रीत माहीत होती तिला. सगळ्या घरी गेल्या की यजमानीण तपासते.

नवव्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. तरी लिडिया तिच्याही आधी आली होती. चादर मोठ्या टेबलावर पसरलेली, कच्चे टाके काढून टाकलेले. कुठंही चुणी नव्हती. सारं कापड ताज्या नांगरटीसारखं उठून आलं होतं. लिडियाच्या हातात ती बारीक, टोकदार कात्री होती.

इरावती दाराशी थांबली. ताहेराही थांबली. मालू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात पदरात घट्ट.

लिडियानं एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. अंगठ्याचं पेर टेकवी, मोजी, पुढं सरके. काळी किनार झाली. आमसुली पट्टा झाला. एका ठिकाणी ती थांबली, कात्रीचं टोक दोऱ्याखाली घातलं. पण तिनं कापड उलटं करून बघितलं, मान हलवली, टोक काढून घेतलं. पुढं सरकली. निळ्या चौकोनाशी येईतो तिचा वेग मंदावला होता. ती परत मागं गेली. चष्मा काढून पुसला. पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून बघू लागली. आता टाक्यांची लांबी ती बघत नव्हती. काहीतरी शोधत होती.

शेवटी ती ताठ झाली आणि तिनं कात्री टेबलावर ठेवली.

"मालू," ती म्हणाली, आणि पुढचं इरावतीकडं बघून.

इरावतीनं डोळे टिपले आणि सांगितलं. "त्या म्हणतात, माझी वेल कुठली तेवढं दाखव. मला माझे टाकेच सापडत नाहीयेत."

मालूनं चादरीकडं पाहिलं. पार या काठापासून त्या काठापर्यंत. निळ्या रानातल्या त्या फिक्या पायवाटा एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की पाटण कुठलं, चिपळूण कुठलं आणि पेनसिल्व्हेनिया कुठलं, कुणी शपथेवर सांगितलं नसतं. तिला स्वतःचीही वेल सापडेना. ती शोधत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"त्यांना सांगा ताई," ती म्हणाली, "माझेबी न्हाईत सापडत. म्हंजी उसवायची सोयच न्हाई ऱ्हायली आता. हितं एकबी टाका उसवला तर कुनाचा उसवंल सांगता येत न्हाई!"

लिडियाला ते कळायला भाषांतर लागलं नाही. ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं मालूचे दोन्ही हात आपल्या सुजऱ्या हातांत घेतले.

चार वाजता दारं उघडली. चादर अंगणात, खजुराच्या दोन झाडांच्या मधे दोरीवर चढवायची होती. एक टोक लिडियानं धरलं, एक मालूनं, आणि मधे दहा-बारा हात. वर नेताना वारा शिरला आणि चादर शिडासारखी फुगली. अंगणभर माणसं होती. रस्त्यावरच्या गाड्या हळू झाल्या. रावजी यावेळी दोनच खेपांवर थांबला नव्हता. पाळी सुटलेल्या माणसांना, साहेबाला रीतसर विचारून, तो बसमध्ये घालून घेऊन आला होता. सित्र्याहून कामाच्या बुटांनिशी आलेले तीस-चाळीस जण माना वर करून उभे होते.

"माझ्या बायकोनं केलीया," तो शेजारच्या नझीरला हिंदीत सांगत होता, आणि मग त्याच्या पुढच्याला, आणि मग त्याच्याही पुढच्याला.

"कौन सा हिस्सा?" नझीरनं विचारलं.

रावजी चादरीखाली गेला. मान तिरकी करून, डोळे बारीक करून, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बघत राहिला.

"मालू, तुझं कुठलं गं?"

"समदं!" मालू शिडीवरून ओरडली, आणि दोरीची गाठ करकचून आवळत तिनं चौथी ओवी लावली.